धारकाला विचारलं कुणी?

२०२३ च्या जुलै महिन्यात मोबाइलवर एक संदेश सगळीकडे फिरला. नोटेच्या क्रमांकात चांदणी असेल तर ती नोट खोटी, घेऊ नका. भल्याभल्यांनी पाकिटं उघडून नोटा तपासल्या. महिना संपता संपता रिझर्व्ह बँकेला खुलासा काढावा लागला. चांदणीचा अर्थ अगदी साधा होता. शंभर नोटांच्या बंडलातली एखादी नोट छपाईत बिघडली की ती काढून तिच्या जागी दुसरी घालतात, आणि त्या बदली नोटेच्या क्रमांकात चांदणी छापतात. बंडलातला क्रम मध्येच का तुटला, हे त्यावरून मोजणाऱ्याला कळतं. ही पद्धत २००६ पासून लहान नोटांवर चालू होती, २०१६ पासून पाचशेच्या नोटेलाही लागू झाली. चांदणीवाली नोट इतर कुठल्याही नोटेइतकीच खरी.

त्याआधी २०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप बसवली आहे, नोट जमिनीत पुरली तरी उपग्रहाला तिचा पत्ता लागतो, अशी आवई उठली होती. काही वृत्तवाहिन्यांनी तर चित्रं काढून ती चिप समजावून सांगितली. तसलं काही त्या नोटेत नव्हतं.

अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेभोवती असं कुतूहल कित्येक वर्षं साचत आलं आहे. मागच्या बाजूला अपुरा पिरॅमिड, त्याच्या टोकावर त्रिकोणातला डोळा, खाली लॅटिन अक्षरं. जगावर राज्य करू पाहणाऱ्या गुप्त मंडळींनी आपला बेत तिथे खोदून ठेवला आहे, असं मनापासून मानणारी माणसं सगळीकडे भेटतात. खरी हकीकत दप्तरात नोंदलेली आहे. ते चित्र म्हणजे अमेरिकेच्या राजमुद्रेची मागची बाजू. ती मुद्रा २० जून १७८२ रोजी मंजूर झाली आणि तिथल्या काँग्रेसचे सचिव चार्ल्स थॉमसन यांनी तेव्हाच तिचा अर्थ लिहून दिला: पिरॅमिड म्हणजे बळ आणि टिकाऊपणा, डोळा म्हणजे ईश्वराची कृपादृष्टी. पायथ्याचे रोमन आकडे म्हणजे १७७६, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. ‘युगांचा नवा क्रम’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यावरून घेतलेले. नोटेवर ही मुद्रा आली ती १९३५ साली, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मंजुरीने. मंजुरी देताना त्यांनी मुद्रेच्या दोन बाजूंची अदलाबदल करायला सांगितली; त्यांच्या हस्ताक्षरातल्या सूचनेसकट तो कागद जपून ठेवलेला आहे.

मला या सगळ्या प्रकरणात तो कागद सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक माणूस टेबलापाशी बसतो, नमुना बघतो, हे डावीकडे घ्या, ते उजवीकडे न्या असं लिहितो आणि सही करतो. पुढे कोट्यवधी लोक ते चित्र खिशात बाळगतात. नोटेवरच्या प्रत्येक खुणेचा जन्म असाच झालेला असतो. तिथे लपवलेलं काही नसतं. कुणीतरी, कुठल्यातरी दिवशी, काहीतरी घेतलेलं आणि काहीतरी वगळलेलं असतं. आपण चिप शोधतो, चांदणीला घाबरतो, डोळ्याचं गूढ उकलत बसतो, आणि हा उघड प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो: हे ठरवलं कुणी, आणि ज्याच्या हातात ती नोट पडणार त्याला कुणी विचारलं का?

‘ज्याच्या हातात पडणार’ त्याला आपल्या नोटेवर नाव आहे. धारक. धारकाला इतके रुपये अदा करण्याचं वचन देतो, असं हिंदीत आणि इंग्रजीत लिहून खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसतं, कारण ती नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि कायदा तिला नाण्यात जमा करतो. बाकी सगळ्या नोटा म्हणजे वचनं. त्या वचनाच्या बदल्यात बँकेत जाऊन सोनं किंवा चांदी मागता येत नाही. मिळालीच तर तेवढ्या किमतीची दुसरी नोट किंवा नाणी मिळतील. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ नुसार नोट देशभर चलन म्हणून चालते आणि केंद्र सरकार तिची हमी घेतं. म्हणजे शेवटी सगळा भार विश्वासावर. कागद फाडला तर फाटतो, भिजला तर लगदा होतो, तरी दोन अनोळखी माणसं त्या कागदावर व्यवहार पुरा करून निघून जातात.

धारक या शब्दाला जात नाही, धर्म नाही, लिंग नाही, शिक्षणाची अट नाही. ज्याच्या हातात नोट तो धारक. आपल्या राज्यघटनेने माणसाकडे ज्या नजरेने पाहिलं, तीच नजर या एका कारकुनी शब्दात आहे असं मला वाटतं. म्हणून नोटेवरच्या प्रत्येक चित्राला, अक्षराला आणि खुणेला एकच कसोटी लावावी असं माझं म्हणणं आहे. ते धारकासाठी आहे का? सगळ्या धारकांसाठी आहे का?

स्वातंत्र्य मिळाल्यावर हा प्रश्न आपल्याकडे खरोखर गांभीर्याने घेतला गेला होता. नोटेवर तेव्हा सहावा जॉर्ज होता. त्याच्या जागी गांधीजींचं चित्र घ्यावं असा विचार झाला, नमुनेही तयार झाले. अखेर सहमती झाली ती सारनाथच्या सिंहशीर्षावर. १९४९ साली एक रुपयाच्या नोटेवर राजाच्या जागी ते चार सिंह आले. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. राजाच्या जागी दुसरा माणूस बसवायचा नाही, ती जागाच माणसाकडून काढून घ्यायची आणि सगळ्यांच्या मालकीच्या एका खुणेला द्यायची. जाता जाता सांगतो, पुढे नोटांवर हिंदी ठळक करताना ‘रुपया’चं अनेकवचन कसं लिहायचं यावरही वाद झाला आणि तो ‘रुपये’च्या बाजूने सुटला. एका मात्रेसाठी भांडण्याइतकी काळजी तेव्हा नोटेची घेतली जात होती.

राज्य बदललं की नोट बदलते, हे आपल्या शेजाऱ्यांकडेही दिसतं. नेपाळमध्ये राजसत्ता गेली तेव्हा नोटेवर राजाच्या जागी एव्हरेस्ट आलं. पण कागद आधीच तयार होता आणि त्या कागदाच्या जलचिन्हात राजाचा चेहरा होता. मग त्या जागेवर लाली गुरांसचं, म्हणजे नेपाळच्या राष्ट्रीय फुलाचं चित्र छापलं. फुलामागे राजा झाकून टाकला. बांगलादेशात जून २०२५ मध्ये शेख मुजीब यांचं चित्र नसलेल्या नव्या नोटा आल्या. दक्षिण आफ्रिकेने उलट वाट धरली. वर्णभेदाची राजवट संपण्याच्या सुमारास तिथल्या नोटांवर गेंडा, हत्ती, सिंह, रेडा आणि बिबट्या आले. ज्या देशात माणसांबद्दल एकमत होणं कठीण होतं तिथे प्राणी पुढे केले. मंडेला नोटेवर आले ते २०१२ साली, प्राणी मागच्या बाजूला तसेच राहिले. आणि युरोने तर सगळाच प्रश्न टाळला. २००२ च्या युरो नोटांवरचे पूल, खिडक्या आणि कमानी प्रत्यक्षात कुठेच नव्हत्या. त्या त्या काळाच्या शैलीत कल्पनेने काढलेल्या, म्हणजे कुठल्या देशाचा पूल घेतला असं भांडण नको. पुढे नेदरलँड्समधल्या स्पाइकेनिसे या गावाने ते पूल खरोखर बांधून काढले. खोट्या पुलांवरून आता माणसं चालतात.

आता आपल्या नोटा जवळून बघू. आज चलनात असलेल्या नव्या मालिकेतल्या नोटा मी टेबलावर उलट्या मांडल्या आहेत. दहाच्या नोटेवर कोणार्कचं चाक, विसाच्या नोटेवर वेरूळ, पन्नासच्या नोटेवर हंपीचा रथ, शंभरवर गुजरातेतली राणीची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. दोन हजारांवर मंगळयान होतं, ती नोट मे २०२३ मध्ये मागे घेतली. उरलं ते सगळं दगडात कोरलेलं आणि शेकडो वर्षांपूर्वीचं. चित्रं सुंदर आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. विसाच्या हिरवट पिवळ्या नोटेवर वेरूळ पाहून माझाही ऊर भरून येतो.

पण जुन्या नोटा आठवून बघा. पाच रुपयांच्या नोटेवर ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी आणि मागे उगवता सूर्य. एकाच्या नोटेवर समुद्रातून तेल काढणारं ‘सागर सम्राट’, दोनाच्या नोटेवर ‘आर्यभट’ उपग्रह. शंभराच्या एका नोटेवर हिराकूड धरण. १९९६ नंतरच्या मालिकेत पाचशेच्या नोटेवर दांडीयात्रा होती, काठी टेकत पुढे गांधीजी आणि मागे चालणारी माणसं. हजाराच्या नोटेवर तेलविहिरीबरोबर संगणकापुढे बसलेली तरुणी. देवळं आणि स्मारकं तेव्हाही होती. १९५४ च्या हजाराच्या नोटेवर तंजावरचं बृहदीश्वर मंदिर होतं, पाच हजाराच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया. पण त्यांच्या शेजारी शेत होतं, धरण होतं, काम होतं.

रिझर्व्ह बँकेच्या नव्या मालिकेतून काम करणारा माणूस निघून गेला आहे. पुढच्या बाजूला गांधीजी आहेत, मागे वास्तू आहेत, आणि त्यांच्यामध्ये कुणीच नाही. पाचशेच्या नोटेवर गांधीजींच्या मागे चालणारी माणसं गेली आणि लाल किल्ला आला. कुणी मुद्दाम शेतकऱ्याला हाकललं असं मी म्हणत नाही. वारसा हा विषय ठरला आणि विषयाबरोबर ट्रॅक्टर, तेलविहीर, मुलगी सगळं आपोआप गळालं असेल. तरी परिणाम तोच राहतो. देश म्हणजे काय, या प्रश्नाला आपली नोट पूर्वी ‘आपण जे करतो आहोत ते’ असंही उत्तर देत होती. आता ती फक्त ‘आपल्या पूर्वजांनी जे करून ठेवलं ते’ एवढंच सांगते. आणि पूर्वजांमध्येसुद्धा वेरूळचं कैलास लेणं वरून खाली, एका अखंड खडकातून फोडत आणणारे पाथरवट कुठे आहेत? राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचं नाव इतिहासात राहिलं. छिन्नी धरणाऱ्यांचं एकही नाव आपल्याला माहीत नाही. निदान नोटेवर एक हात, एक हातोडा यायला काय हरकत होती?

गांधीजींच्या चित्राबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोटेवरचं त्यांचं हसू हे चित्रकाराने काढलेलं नाही. १९४६ साली व्हाइसरॉयच्या निवासस्थानी, आजच्या राष्ट्रपती भवनात, घेतलेल्या एका छायाचित्रातून ते घेतलं आहे. त्या छायाचित्रात शेजारी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स आहेत. त्यांना कापून फक्त गांधीजी ठेवले. सत्तांतराच्या वाटाघाटींच्या दिवसांतलं ते हसू आज रिझर्व्ह बँकेच्या प्रत्येक नोटेवर आहे. ते तिथून काढावं असं मला मुळीच वाटत नाही. एकच चेहरा सगळ्या नोटांवर असल्यामुळे ‘आमच्याला पाचशेवर घ्या, तुमच्याला दहावर’ ही लाजिरवाणी घासाघीस टळते, हा फायदा मोठा आहे. पुढची बाजू त्यांचीच राहू दे. मी बोलतो आहे ते मागच्या बाजूबद्दल, आणि त्यांच्या चष्म्याबद्दल.

नव्या नोटांच्या मागे डाव्या बाजूला गांधीजींचा चष्मा आहे. एका काचेत ‘स्वच्छ’, दुसऱ्या काचेत ‘भारत’. शेजारी स्वच्छतेकडे एक पाऊल टाकण्याचं हिंदी घोषवाक्य. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या एका सरकारी अभियानाचं हे बोधचिन्ह. चिन्ह म्हणून ते उत्तम आहे, चार रेषांत माणूस उभा करणारं. कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी ते केलं. स्वच्छतेला विरोध कोण करेल? मीही करत नाही. माझा आक्षेप जागेला आहे. अभियान कितीही चांगलं असलं तरी ते एका सरकारचं असतं, त्याला सुरुवात असते, मुदत असते, निधी असतो, पुढचं सरकार त्याचं नाव बदलू शकतं. नोटेवरचं वचन सरकारांच्या पलीकडचं असतं. सिंहशीर्ष ज्या कागदावर आहे त्या कागदावर योजनेचं बोधचिन्ह आलं की उद्या दुसऱ्या पक्षाच्या सरकारला दुसऱ्या योजनेचं चिन्ह छापण्यापासून कोणत्या तोंडाने अडवणार? हा दरवाजा उघडायलाच नको होता.

भाषांच्या चौकटीकडे या. नोटेच्या मागे एक उभी चौकट असते, तिच्यात १५ भाषांत नोटेची किंमत लिहिलेली. इंग्रजी वर्णानुक्रमाने आसामी पहिली, उर्दू शेवटची, आणि आठव्या ओळीवर, बरोबर मधोमध, मराठी. लहानपणी ती ओळ शोधून वाचण्याचा खेळ आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी खेळला असेल. वाचता येऊ लागल्याचा तो एक पुरावा असायचा. हिंदी आणि इंग्रजी धरून नोटेवर १७ भाषा होतात. घटनेच्या आठव्या परिशिष्टात २२ आहेत. मणिपुरी, सिंधी, बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी या सहा नोटेवर नाहीत. सिंधी परिशिष्टात आली १९६७ साली. कोकणी, नेपाळी आणि मणिपुरी या तिघी १९९२ साली एकाच घटनादुरुस्तीने आल्या. त्यातल्या कोकणीला आणि नेपाळीला नोटेवर ओळ मिळाली, मणिपुरीला मिळाली नाही. जागा कमी आहे हे मला समजतं. पण मणिपुरी मूल नोट हातात घेऊन आपली ओळ शोधतं तेव्हा त्याला जागेची अडचण कशी समजावणार? चष्म्यापुरती जागा निघाली, हे ते मूल बघतंच आहे.

आता देवादिकांचा प्रश्न, कारण तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाचे दिल्लीचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी नोटेच्या एका बाजूला गांधीजी ठेवून दुसऱ्या बाजूला लक्ष्मी आणि गणपती छापावेत अशी मागणी केली. दाखला दिला इंडोनेशियाचा. त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराज, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अशा मागण्या पाठोपाठ आल्या. इंडोनेशियाचा दाखला नीट तपासायला हवा. १९९८ च्या वीस हजार रुपियांच्या नोटेवर गणपती होता हे खरं. पण ती नोट शिक्षणतज्ज्ञ की-हजर देवांतारा यांच्या चित्राची होती आणि तिथे गणपती विद्येची खूण म्हणून होता. २००८ अखेर ती नोट चलनातून गेलीसुद्धा. धनाची देवता नोटेवर बसवून अर्थव्यवस्था सुधारेल असा त्यात विचार नव्हता.

माझा विरोध मात्र त्याहून साधा आहे. मळलेल्या, फाटलेल्या नोटा रिझर्व्ह बँक यंत्रात घालून त्यांचा भुगा करते आणि त्या भुग्याच्या विटा पाडते. ज्या मूर्तीपुढे आपण हात जोडतो तिची ही गत करायची का? आणि देव घेतले तर कुणाचे? धारक हा शब्द छापून त्याच कागदावर एका श्रद्धेचं चिन्ह छापलं, तर बाकीच्या श्रद्धांच्या आणि श्रद्धा नसलेल्या धारकांना आपण काय सांगतो? बाबासाहेबांबद्दल म्हणाल तर, रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली प्रबंध प्रसिद्ध करणाऱ्या आणि भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देणाऱ्या माणसाचा नोटेशी संबंध इतर कुणाहूनही जवळचा आहे. त्यांचं चित्र आलं तर मला मनापासून आनंद होईल. पण ते ज्या दिवशी येईल त्या दिवशी त्यामागे चर्चा असावी, निवडणुकीच्या तोंडावरची घोषणा नसावी.

एवढं सगळं बोललो ते डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांबद्दल. माझ्या मते नोटेवरची सगळ्यात मोलाची खूण बोटांसाठी असते, आणि बहुतेकांना ती ठाऊकही नसते. शंभराच्या नोटेच्या पुढच्या बाजूला एक छोटा त्रिकोण उठावदार छापलेला असतो. पाचशेवर तसंच वर्तुळ. दोन्ही कडांना तिरप्या रेषा: शंभरला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन छोटी वर्तुळं, पाचशेला पाच. गांधीजींचं चित्र आणि सिंहशीर्षही उठावदार. ज्याला दिसत नाही त्याने बोट फिरवून नोट ओळखावी यासाठी हे सगळं आहे. उठावदार ओळखचिन्ह शंभर आणि त्यावरच्या नोटांनाच असतं.

माझा एक मित्र लहानपणापासून पाहू शकत नाही. जुन्या नोटा तो त्रिकोणावर ओळखत नसे, कारण चार महिने वापरलेल्या नोटेवर त्रिकोण उरतच नाही, असं तो सांगतो. तो ओळखत असे लांबीवर. नोट तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती गुंडाळायची आणि कड कुठे येते ते बघायचं. ते जमत होतं, कारण जुन्या मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७, हजाराची १७७. प्रत्येक पायरीला सेंटिमीटरभर फरक. नव्या मालिकेत शंभराची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. उंची तिघींची सारखीच, ६६. म्हणजे पायरी दहा मिलिमीटरवरून चारवर आली. त्याने माझ्यापुढे या तीन नोटा ठेवल्या, डोळे मिटायला सांगितलं आणि ओळख म्हणाला. मी तीनदा प्रयत्न केला. पाचशेची एकदा बरोबर आली, शंभर आणि दोनशे तर मला अखेरपर्यंत वेगळ्या कळल्या नाहीत. तो आता घरी कुणाकडून तरी नोटा वेगळ्या करून घेतो आणि प्रत्येक किमतीची घडी वेगळी घालून ठेवतो: एक आडवी, एक उभी, एक कोपरा दुमडलेली. घराबाहेर कुणी सुटे दिले की ते मोजण्यासाठी त्याला समोरच्या माणसाच्या शब्दावर विसंबावं लागतं.

अंधांच्या संघटनेने याबद्दल मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. नोटांचा आकार वारंवार का बदलता, असं न्यायालयाने विचारलं होतं. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ नावाचं मोबाइल ॲप आणलं, ते कॅमेऱ्यापुढे नोट धरली की किंमत बोलून दाखवतं. ज्यांना त्याचा उपयोग होतो त्यांना होवो. पण वचन नोटेवर आहे. ते वाचायला स्मार्टफोन विकत घ्यावा लागत असेल तर ज्याच्याकडे तो नाही त्या धारकाला आपण नोटेवरून वगळलं आहे. आकार लहान केल्याने पाकिटात नोट नीट बसते, कागद वाचतो, हे फायदे मला मान्य आहेत. तरीही त्या बैठकीत एक जरी न पाहणारी व्यक्ती बसलेली असती, तिच्या हातात ते तीन कोरे कागद दिले असते, तर चार मिलिमीटरचा हिशेब तिथल्या तिथे फेटाळला गेला असता.

म्हणून प्रश्न पुन्हा त्या बैठकीचा येतो. कायदा काय म्हणतो? रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम २५ सांगतं की नोटेचं चित्र, आकार आणि साहित्य रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशींचा विचार करून केंद्र सरकार मंजूर करेल. बस. मंडळ शिफारस करतं, सरकार मंजूर करतं, आणि आपल्याला कळतं ते नोट हातात आल्यावर. कधी कधी तर नकारातून कळतं. जून २०२२ मध्ये नोटेवर रवींद्रनाथ आणि डॉ. कलाम येणार अशी बातमी आली आणि असा प्रस्ताव नाही एवढंच रिझर्व्ह बँकेने सांगितलं.

लोकांना विचारलं की गोंधळ होतो, जातीजातीत आणि प्रांताप्रांतांत चढाओढ लागते, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. पण याच नोटेवर त्याचं उत्तर छापलेलं आहे. ₹ हे चिन्ह अर्थखात्याने खुली स्पर्धा घेऊन निवडलं; तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, त्यातून डी. उदय कुमार यांचं चिन्ह जुलै २०१० मध्ये मंजूर झालं. दंगा झाला नाही. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकाच आकारात मिसळलेलं ते चिन्ह आज शाळकरी मुलंही डोळे मिटून काढतात. ज्या चष्म्याच्या जागेबद्दल मी तक्रार केली तोही लोकांमधून आलेल्या नमुन्यांतून निवडलेला आहे. चिन्हं मागवताना लोकांवर विश्वास ठेवता आला, मग चित्राचा विषय ठरवताना का ठेवता येऊ नये?

ब्रिटनने २०१८ साली ५० पौंडाच्या नोटेसाठी हे करून दाखवलं. आधी क्षेत्र ठरवलं, विज्ञान. मग सहा आठवडे लोकांकडून नावं मागवली. २,२७,२९९ सूचना आल्या, त्यांतून निकषात बसणाऱ्या ९८९ शास्त्रज्ञांची यादी झाली, समितीने ती चाळली आणि शेवटचा निर्णय गव्हर्नरांनी घेतला. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग निवडले गेले आणि २३ जून २०२१ ला, त्यांच्या जन्मदिवशी, नोट आली. लोकांनी मतदान करून नाव लादलं नाही; लोकांनी नावं दिली, निवड जबाबदार माणसांनी केली आणि कारणं जाहीर केली. त्याआधी २०१३ साली, राणी सोडून एकही स्त्री नोटेवर उरणार नाही असं दिसताच तिथल्या स्त्रियांनी आवाज उठवला होता, आणि २०१७ साली १० पौंडाच्या नोटेवर कादंबरीकार जेन ऑस्टिन आली. बनावट नोटा रोखण्याचं तंत्र गुप्त ठेवावं, ते ठेवायलाच हवं. शेतकरी घ्यायचा की स्तूप, यात गुप्त ठेवण्यासारखं काय आहे?

पुढची मालिका कधीतरी येईलच. तेव्हा रिझर्व्ह बँकेने दोन महिने आधी विषय जाहीर करावेत, सूचना मागवाव्यात, कोणते निकष लावले ते छापावं. कोऱ्या कागदाचे नमुने सर्वांत आधी न पाहणाऱ्यांच्या हातात द्यावेत, आणि त्यांनी दहापासून पाचशेपर्यंत प्रत्येक नोट बोटांनी वेगळी ओळखल्याशिवाय चित्रकाराला बोलावू नये. भाषांच्या चौकटीला सहा ओळी वाढवाव्यात, त्यासाठी चष्म्याची जागा मोकळी करावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, संसदेत जावं लागत नाही. कलम २५ मध्ये मंडळाने शिफारस करायची एवढंच लिहिलं आहे. शिफारस करण्याआधी धारकाला विचारायला त्यात कुठेही मनाई नाही.